हातमोजा बाहुल्यांसाठी सुटा, हलका रंगमंच: मापे, जोडणी आणि पडदा

आपल्या प्रश्नावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. खेळ अंगणवाडीतल्या आणि पहिली-दुसरीच्या मुलांसमोर करायचा आहे, हातमोजा बाहुल्या नाचवणारे दोघे आहेत, आणि सगळे साहित्य एसटीने किंवा दुचाकीवरून न्यायचे आहे. त्याच रंगमंचावर कळसूत्री बाहुल्याही चालतील का, असेही आपण विचारले आहे; त्याचे उत्तर शेवटी देतो.

पाइप कोणता घ्यावा हा प्रश्न नंतरचा आहे. आधी पुढच्या पडद्याची उंची ठरवावी, कारण बाकीची सगळी मापे तिच्यावरून निघतात. खेळ करणाऱ्याने खुर्चीवर किंवा स्टुलावर ताठ बसावे आणि दुसऱ्याने जमिनीपासून त्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजावे. बहुतेक प्रौढ माणसांच्या बाबतीत ते १३० ते १३५ सेंटिमीटर भरते आणि पडद्याची वरची कड तेवढीच असावी. ती खाली घेतली तर डोके दिसते. वर घेतली तर हात सतत ताणून धरावा लागतो आणि खांदा भरून येतो. हात थकला की बाहुली हळूहळू पडद्याआड बुडू लागते आणि मुलांना फक्त तिचा चेहरा दिसतो. दोघांच्या उंचीत फरक असेल तर उंच व्यक्तीचे माप धरावे आणि दुसऱ्याने खाली उशी घेऊन बसावे. उभे राहून खेळ करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यासाठी पडदा पावणेदोन मीटरच्या आसपास न्यावा लागतो, सांगाडा डुलू लागतो आणि जमिनीवर बसलेल्या लहान मुलांना मान वर करून पाहावे लागते.

मुलांची नजर हा उंचीचाच दुसरा भाग आहे. जमिनीवर बसलेल्या लहान मुलाचे डोळे साधारण ६० सेंटिमीटरवर असतात. पडद्याची कड १३५ सेंटिमीटरवर आणि बाहुली कडेच्या मागे १२ सेंटिमीटर असेल, तर दीड मीटरवर बसलेल्या मुलाला बाहुलीचा खालचा ६ सेंटिमीटर भाग दिसत नाही; तेच मूल पाऊण मीटरवर सरकले तर १२ सेंटिमीटर भाग झाकला जातो, म्हणजे बाहुलीचे हातही जवळजवळ दिसेनासे होतात. म्हणून पहिली रांग दीड मीटरच्या आत येऊ देऊ नये. खेळापूर्वी जमिनीवर खडूची रेघ ओढून ठेवली की पुढे सरकणाऱ्या मुलांना वारंवार दटावावे लागत नाही.

आता सांगाडा. वायरिंगसाठी वापरतात तो २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, त्यातही जाड प्रकारचा, मी सुचवेन. नळाचा पाऊण इंची पाइप अधिक ताठ असतो, पण वजनाने जास्त भरतो. अर्धा इंची पाइप घेऊ नये, पडद्याच्या भाराने तो मधोमध वाकतो. या रचनेतील सगळे मुख्य तुकडे एकाच लांबीचे, म्हणजे ६० सेंटिमीटरचे ठेवावेत. त्यामुळे कोणता तुकडा कुठे लावायचा हे जोडताना शोधत बसावे लागत नाही आणि संपूर्ण सांगाडा एका लांबट पिशवीत मावतो.

असे वीस तुकडे लागतात. पुढच्या दोन खांबांना प्रत्येकी दोन, मागच्या दोन उंच खांबांना प्रत्येकी तीन, पुढच्या खालच्या व वरच्या आडव्या दांड्यांना प्रत्येकी दोन, मागच्या वरच्या दांडीला दोन, आणि दोन्ही बाजूंना खाली व वर मिळून चार. तीन मीटरच्या एका पाइपातून पाच तुकडे निघतात, म्हणजे चार पाइप पुरतात. पाचवा पाइप लहान जोडतुकड्यांसाठी आणि राखीव म्हणून घ्यावा. जोडसामानात सहा एल्बो (काटकोनात वळणारे जोड), आठ टी (इंग्रजी T आकाराचे जोड), सात कपलर (दोन पाइप सरळ रेषेत जोडणारे) आणि मागच्या पायांना दोन टोपणे लागतील.

अडचण येते ती कोपऱ्यात, कारण तिथे तीन दिशांचे पाइप एकत्र येतात आणि तीन तोंडांचा कोपरा आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. पुढच्या खांबाच्या टोकाला एल्बो लावून त्यात पुढची आडवी दांडी बसवावी आणि त्या एल्बोला अगदी लागून, चार सेंटिमीटरच्या जोडतुकड्याने, टी लावून तिच्यातून बाजूची दांडी काढावी. वरच्या टोकालाही हेच करावे. बाजूच्या दांड्या पुढच्या दांड्यांपेक्षा किंचित वर-खाली येतात, त्याने काही बिघडत नाही. मात्र मागच्या खांबांवरील टी त्याच पातळीत याव्यात म्हणून मागचे पाय, म्हणजे मागच्या खालच्या टीखालचे लहान तुकडे, शेवटी, मोजून कापावेत. मागच्या खांबाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या मधे कपलरऐवजी टी येते, तिच्यात बाजूची वरची दांडी बसते. मागच्या बाजूला खाली दांडी लावू नये, तिथूनच आपल्याला स्टूल आत सरकवायचे असते.

डिंक, म्हणजे पीव्हीसी सॉल्व्हंट, फक्त कपलरच्या एका तोंडाला लावावा. दुसरे तोंड आणि सगळ्या एल्बो व टी कोरड्याच ठेवाव्यात. वापरून एखादा सांधा सैल झाला तर पाइपाच्या टोकाला इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यावा. दोन्ही बाजूंच्या चौकटीत नाडी किंवा सुतळी तिरपी, फुलीसारखी ताणून बांधली की सांगाड्याचे डुलणे बरेच कमी होते. हे काम दोन मिनिटांचे आहे, तरी बहुतेक घरगुती रंगमंचांत ते केलेले दिसत नाही. पंख्याच्या किंवा अंगणातल्या वाऱ्यासाठी जुन्या जीन्सच्या पायाच्या कापडात वाळू भरून दोन-दोन किलोंच्या पिशव्या शिवाव्यात आणि खालच्या पुढच्या दांडीवर ठेवाव्यात. वाळू गावातच मिळते, तेव्हा प्रवासात पिशव्या रिकाम्या न्याव्यात.

सांगाडा उभा करून मोजल्याशिवाय कापड कापू नये, कारण प्रत्येक सांधा थोडी लांबी वाढवतो आणि दुकानादुकानाचे जोडसामान वेगळे असते. वरील रचनेत पुढची उंची साधारण १३५ आणि रुंदी साधारण १२५ सेंटिमीटर येते. ५८ इंच पन्ह्याचे गडद निळे किंवा काळे सुती कापड घेऊन पन्हा उभ्या दिशेने ठेवला तर उंची, वरचा नेफा आणि खालची दुमड एका पन्ह्यात बसते, मधे कुठेही जोड येत नाही. चुण्या धरून पुढच्या आणि बाजूच्या पडद्यांना मिळून सव्वातीन मीटर, आणि मागच्या पडद्याला पाऊण मीटर, असे चार मीटर कापड पुरते. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून धुऊन, वाळवून मगच मापाला बसवावे आणि त्यासाठी अर्धा मीटर जास्त घ्यावे. सॅटिन घेऊ नये, त्याची चमक बाहुलीवरून नजर हटवते. कापड खिडकीसमोर धरून पाहावे. पलीकडचा हात दिसला तर ते उपयोगाचे नाही.

नेफा सपाट मोजल्यास सात सेंटिमीटर ठेवावा, म्हणजे मधला कपलरही त्यातून सहज सरकतो. पुढचा आणि बाजूचे पडदे वेगळे शिवून कोपऱ्यावर पाच सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्यावेत व वेल्क्रोने जोडावेत. मागचा पडदा फक्त वरच्या ६० सेंटिमीटरपुरताच हवा, कारण त्याचे काम बाहुल्यांच्या मागची भिंत, फळा आणि तक्ते झाकणे एवढेच आहे. बाहुल्यांचे कपडे गडद असतील तर तो मात्र फिक्या एकरंगी कापडाचा करावा. त्यावर डोंगर, झाडे, घरे रंगवू नयेत. लहान बाहुल्या अशा चित्रात हरवतात.

भांडे, टोपली अशा वस्तू ठेवण्यासाठी सनबोर्डची, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याची, १२ सेंटिमीटर रुंद पट्टी पुढच्या वरच्या दांडीला आतून वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधता येते. उजेडासाठी दिवसा खिडक्या प्रेक्षकांच्या पाठीमागे येतील अशी जागा निवडणे पुरेसे असते. संध्याकाळी खेळ असेल तर समोरून, दोन्ही बाजूंनी तिरपे असे दोन एलईडी दिवे लावावेत. हॅलोजन कापडाजवळ आणूच नये.

कळसूत्री बाहुल्यांसाठी हा रंगमंच चालणार नाही. हातमोजा बाहुली खालून वर येते, कळसूत्री बाहुली वरून खाली सोडतात. म्हणजे तिला पाय टेकवायला जमीन मोकळी हवी, आणि खेळ करणाऱ्याचे शरीर झाकणारा पडदा बाहुलीच्या मागे हवा. राजस्थानातले कठपुतळीवाले दोन खाटा उभ्या करून त्यांना आडवा बांबू बांधतात आणि कमानींचा पडदा लावतात, ती रचना पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगणे, या तिन्ही कला जपून आहेत. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सिंधुदुर्गात जाणे झाले तर पिंगुळीचे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ अवश्य पाहावे. छायाबाहुल्यांसाठी मात्र हाच सांगाडा उपयोगी पडतो: मागच्या उंच खांबांमधे, १३५ सेंटिमीटरच्या वर, पांढरे पातळ सुती कापड चारही बाजूंनी ताणून बांधावे, सांगाडा उलटा फिरवून ती बाजू मुलांकडे करावी आणि आतून एकच दिवा लावावा. कापडाला सुरकुती राहिली तर सावली तिथे मोडते, म्हणून ते बांधण्यापूर्वी इस्त्री करावे.

आपल्या कळसूत्री बाहुल्यांची उंची आणि दोऱ्यांची लांबी कळवलीत, तर त्यांच्यासाठी याच ६० सेंटिमीटरच्या तुकड्यांतून दुसरी चौकट कशी उभी करता येईल, त्याची मापे काढून देईन.