इंग्रजी वाक्प्रचारांचा उगम शोधताय? आधी एवढं करा

स्वागत! नवखे जिथे हमखास घसरतात ती जागा आधीच दाखवतो. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ घ्या. अर्थ सोपा, धो धो पाऊस. उगम म्हणून मात्र ठोकून देतात की गवती छपरात झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडत. १९९९च्या सुमारास ही कथा ईमेलमधून गावभर झाली. अहो, भर पावसात कुत्रं छपरावर कशाला चढेल?

म्हणून:

- गोष्ट जितकी रंगतदार, तितका संशय जास्त.
- आधी तारीख बघा. लेखक जोनाथन स्विफ्टकडे हा वाक्प्रयोग १७३८ मध्ये छापलेला सापडतो. त्याआधी, १६५१ मध्ये, हेन्री वॉनच्या कवितेतल्या फेरीवाल्यांना कुत्र्या-मांजरांच्या सरींपासून माल वाचवणारं छप्पर हवंय. म्हणजे प्राणी छपरातून नव्हे, आभाळातूनच पडतायत!
- ‘उगम अज्ञात’ लिहायला लाजू नका. कुत्री-मांजरंच का, याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नाही.

नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियातल्या) पुराणकथा, ग्रीक शब्द वगैरे तर्क सध्या बाजूला ठेवा, डोकं उठेल. पुढचा सराव ‘सेव्ह्ड बाय द बेल’वर (म्हणजे ऐन वेळी सुटका) करा. चुकून जिवंत पुरलेल्याने वाजवायच्या शवपेटीतल्या घंटेची गोष्ट लोक रंगवून सांगतील. तुम्ही सरळ बॉक्सिंगच्या रिंगणाकडे वळा, तिथे फेरी संपल्याची घंटा हरणाऱ्याला वाचवते.