गणपती झाल्यावर रेडिएशन सुरू केलं तर चालेल का?

प्रश्न : बाबांचं (वय ६२) गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईत होऊन ४ आठवडे झाले. जबड्याचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ३० रेडिएशन सांगितलीत. गणपती १५ दिवसांवर आलेत. आमच्याकडे ५ दिवसांचा गणपती असतो आणि पूजेला बाबाच बसतात. गणपती करून मग सुरू केलं तर चालेल का? या दिवसांत नेमकं काय काय होतं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : थांबू नका. अशा ऑपरेशननंतर रेडिएशन साधारण ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि तुमचे ४ गेलेत. विसर्जन करून मुंबई गाठलीत तरी लगेच मशीनवर घेत नाहीत. दातांची तपासणी, मास्क, सीटी स्कॅन, प्लॅनिंग यात आणखी आठवडा तरी जातो. डोळ्यांना न दिसणाऱ्या काही पेशी मागे राहिल्या असतील तर तोवर त्यांना मोकळं रान.

सुरू करून मध्ये ५ दिवस सुट्टी घेणं याहून वाईट. उपचार सुरू झाल्यावर उरलेल्या पेशी उलट जोमाने वाढू लागतात. चुकलेले ५ डोस शेवटी जोडले तरी ती तूट पूर्ण भरून निघत नाही. चतुर्थीला विभागच बंद असेल तर तो एक डोस शनिवारी देऊन, किंवा एखाद्या दिवशी किमान ६ तासांच्या अंतराने दोन डोस देऊन भरून काढता येतो. हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. शुक्रवारी रात्री घरी जाऊन सोमवारी परत, हा बेतही नको. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश चालतात, त्यात सणाची गर्दी. यंदा पूजेला तुम्ही बसा.

दातांचं काम मात्र याच आठवड्यात उरका. किडलेले, हलणारे दात रेडिएशनआधीच काढावे लागतात आणि जखम भरायला १० ते १४ दिवस लागतात. किरणांनंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग काढलेल्या दाताची जागा भरत नाही, हाड उघडं पडून कुजतं. म्हणून पुढे कधीही, अगदी १० वर्षांनीसुद्धा, रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नये.

मास्कला माणसं उगाच घाबरतात. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून ओल्या फडक्यासारखा चेहऱ्यावर, खांद्यांपर्यंत ओढतात. काही मिनिटांत तो गार होऊन चेहऱ्याच्या आकाराचा कडक होतो. रोज तोच घालून टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. श्वास जाळीतून घेता येतो. दाढी आधी काढून जा आणि मग वाढू देऊ नका. रोजचं काम १०–१५ मिनिटांचं. किरण लागताना दुखत नाही, भाजत नाही. सोमवार ते शुक्रवार, ६ आठवडे. एकूण बहुधा ६० ग्रे (किरणांच्या डोसचं माप). गाठीबाहेर कॅन्सर फुटलेला असेल किंवा कडेला राहिला असेल तर डोस थोडा वाढवून सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देतात.

पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्यात चव जाते, तोंड लाल होतं. तिसऱ्या-चौथ्यापासून तोंड सोलपटतं, लाळ चिकट होते, गिळताना कळ येते. हे शेवटच्या डोसनंतरही २–३ आठवडे राहतं, त्यामुळे घरी आल्यावर 'अजून बरं का नाही' म्हणून घाबरू नका. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात १ चमचा मीठ आणि १ चमचा खायचा सोडा घालून दर २–३ तासांनी गुळण्या करायच्या. पाणी रोज ताजं. वेदनेची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असू शकते. त्याचं औषध वेगळं, दाखवून घ्या. ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

सगळ्यात जास्त बिघडतं ते खाण्यात. आपल्याकडे आजाऱ्याला पेज देतात. पण ५५ किलोच्या माणसाला रोज १७०० ते १९०० कॅलरी आणि ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या पेजेत ती कुठून येणार? पेजेत तूप आणि घोटलेली मूगडाळ घाला. रोज २ अंडी, दुधात दूध पावडर. सुरमई किंवा मोरी उकडून, काटे बघून, नारळाच्या दुधात कुस्करून द्या. मिरची, तिरफळ, कोकम नको. सोलकढीसुद्धा या दिवसांत झोंबते. वजन उतरलं की मास्क सैल होतो आणि पुन्हा करावा लागतो. डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली तर नाही म्हणू नका, ती तात्पुरती असते.

तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून, दिवसातून ४–५ वेळा. आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. चुकवला तर जबडा आखडतो आणि नंतर सुटता सुटत नाही. मानेला ऊन, साबण, बाम लावू नका. तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. तोंडाचा कोरडेपणा बराच काळ राहील. मानेला किरण लागल्याने थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. रेल्वेचा सवलतीचा फॉर्मही हॉस्पिटलमधून भरून घ्या. उपचारासाठी जाताना स्लीपर आणि एसी थ्री टियरला रुग्णाचं भाडं माफ असतं.

प्रश्न : आईची स्तनाच्या ऑपरेशननंतर १५ रेडिएशन चालू आहेत. शेजारच्या म्हणतात, तान्ह्या बाळाला तिच्याजवळ देऊ नका. खरं का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : नाही. हे किरण बाहेरच्या मशीनमधून येतात. मशीन बंद झालं की संपलं, आईच्या अंगात काही उरत नाही. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात, तेव्हा काही दिवस लांब राहायला सांगतात. ती गोष्ट वेगळी. बाळाला आजच तिच्या मांडीवर द्या. फक्त रेडिएशनच्या बाजूच्या छातीवर त्याची लाथ बसणार नाही, एवढं बघा.