घरी फिल्टर कॉफी कधी कडू, कधी पाणचट का होते? एस्प्रेसो मशीन घ्यावं का?

मशीन घेऊ नका. कॉफीचं बी दळायचा ग्राइंडर नसेल तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की स्टीलचा फिल्टर आहे (एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं), पावडर तयार पाकिटातली आणता, एक दिवस कडू होते, दुसऱ्या दिवशी पाणचट, म्हणून आता वीसेक हजारांचं मशीन बघताय. हे वाचलं आणि मला आमचे साडू आठवले, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

साडूंनी गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मशीन घेतलं आणि आरती झाल्यावर सगळ्यांना हॉलमधे बसवून ठेवलं, कुणी चहा मागायचा नाही. पंधरा बार प्रेशर आहे, इटालियन पंप आहे, हे आम्ही तीनतीनदा ऐकलं. (बार म्हणजे दाबाचं माप; एस्प्रेसो, म्हणजे दाबाने काढलेली दाट कॉफी, तिला साधारण नऊ बार लागतात, पण ते जाऊ दे.) पावडर कुठली तर फ्रीजच्या दारात रबर लावून ठेवलेलं पाकीट, तेही फिल्टर कॉफीसाठी दळलेलं, म्हणजे एस्प्रेसोच्या हिशोबाने जाड. बटण दाबलं तर आठदहा सेकंदात पाणी भसाभस खाली. चांगल्या एस्प्रेसोला पंचवीस-तीस सेकंद लागतात, बारीक धारेने उतरायला पाहिजे. कपात आलं ते फिक्कट, वर नावाला फेस, आणि चवीला आंबट. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, मला आपली जायफळाची करून दे गं.

मी एवढंच म्हटलं की भाऊसाहेब, पावडर जाडी आहे आणि शिळी पण आहे, मशीनचा दोष नाही. तर म्हणे, तुम्ही चिकोरीवाले, तुम्हाला भेसळीची सवय, खऱ्या कॉफीची चव तुम्हाला कळायची नाही. सगळ्यांसमोर!

आता मी बँकेच्या नोकरीत कर्नाटकात हसनला काही वर्षं काढलीत. तिथे कॉफीच्या दुकानात गेलं की समोर बी भाजलेलं, समोर दळणार, आणि पहिला प्रश्न प्युअर का चिकोरी मिक्स, मिक्स असेल तर किती, ऐंशी टक्के कॉफी नि वीस चिकोरी, का सत्तर-तीस. यात लपवाछपवी कुठे आली? चिकोरी हे मूळ आहे, भाजून दळतात, त्यात कॅफीन नसतं, त्याने डिकॉक्शन (फिल्टरमधून खाली उतरतो तो कॉफीचा अर्क) दाट आणि गडद उतरतं आणि दुधात कॉफी मरत नाही. आपल्या कायद्यात मिक्समधे निम्म्याच्या वर कॉफी पाहिजे, चिकोरी जास्तीत जास्त ४९ टक्के, आणि ते पाकिटावर छापावं लागतं. न सांगता घातली तर भेसळ. साडूंचं म्हणणं युरोपात असलं काही घालत नाहीत. नेपोलियनच्या काळात कॉफीची आवक अडली तेव्हा फ्रान्समधे लोक चिकोरीच प्यायला लागले, आणि अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला आजही चिकोरीची कॉफी मिळते. हे मी त्या दिवशी बोललो नाही, सणासुदीचं घर होतं, म्हणून इथे लिहितोय. मात्र ४९ टक्केवाली स्वस्त पाकिटं मलाही आवडत नाहीत, वीस-तीसच्या वर गेलं की नुसता काढा होतो.

बरं, तुमचं. कॉफीतून आधी आंबटपणा सुटतो, मग गोडवा, शेवटी कडवटपणा. पाणी पावडरीत कमी वेळ राहिलं की आंबट-पाणचट, जास्त वेळ राहिलं किंवा पावडर फार बारीक असली की कडू. तुमची रोज वेगळी होते म्हणजे तुम्ही चमच्याने अंदाजे घालताय आणि छत्री (पावडरीवर ठेवायची दांडीवाली भोकाची चकती) कधी नुसती ठेवताय, कधी दाबताय. किचनचा काटा घ्या, पाच-सातशेत येतो. २० ग्रॅम पावडरीला १०० ते १२० मिली पाणी. पावडर हलक्या हाताने सपाट करायची, छत्री वर टेकवायची, दाबायची नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, आधी पावडर भिजेल इतकंच ओता, जरा फुगू द्या, मग बाकीचं. पंधरा-वीस मिनिटांत थेंबथेंब उतरलं पाहिजे. दोन मिनिटांत रिकामं झालं तर पावडर जाडी किंवा कमी. रात्रभर अडकून बसलं तर भोकं बुजलीयत, वरचं भांडं रिकामं करून चिमट्याने गॅसच्या ज्योतीवर धरा, आतलं जळून जातं, मग ब्रश मारा. आणि डिकॉक्शन परत उकळायचं नाही! कडकडीत गरम दूध त्याच्यावर ओतायचं. निम्म्या घरांत कडू होते ती इथेच.

पावडर पंधरा दिवसांपुरतीच आणा, दळून घेतलेली, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमधे नाही, तिथे ओल धरते आणि लसणाचा वास लागतो. मुंबईत असाल तर माटुंग्याला जा, समोर दळून देतात. बोअरचं जड पाणी असेल तर प्यायचं फिल्टरचं वापरा.

बाकीच्या पद्धती हव्या असतील तर फ्रेंच प्रेसला (दांड्याने जाळी खाली दाबायचं भांडं) जाडी पावडर आणि चार मिनिटं भिजवणं. पेपर फिल्टरची ब्लॅक कॉफी करणार असाल तर एक भाग पावडरीला सोळा भाग पाणी, आणि तिथे मात्र प्युअर अरेबिकाच (कॉफीच्या बियांची एक जात) घ्या, चिकोरी नको, इथे साडूंचं बरोबर आहे. मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढतं) चांगला, दुधाच्या कॉफीला तर फारच, पण बरेचसे अॅल्युमिनियमचे असतात, ते इंडक्शनवर चालत नाहीत, बघून घ्या.

एवढं करूनही मशीन हवंच असेल तर निम्मे पैसे ग्राइंडरला ठेवा. साडूंनी अजून घेतलेला नाही.