करिअर मार्गदर्शन : अठ्ठावन्नाव्या वर्षी मुलांसाठी लिहिताना

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात कृषी सहायक म्हणून काम करतो आणि येत्या ३१ मे रोजी निवृत्त होत आहे. दुसरीत शिकणाऱ्या नातीसाठी मी वहीत प्राण्यांच्या बोधकथा लिहिल्या आहेत व निवृत्तीनंतर बालसाहित्यिक व्हावे, अशी मनापासून इच्छा आहे. मुलगा म्हणतो, “या वयात तुमचं कोण छापणार?” एका प्रकाशकाने मात्र ८५ हजार रुपये भरल्यास ५०० प्रती काढून देण्याची तयारी दाखवली आहे. निवृत्तीच्या पैशातून ही रक्कम द्यावी का? त्याआधी मराठीत एम. ए. करावे का? सोबत एक कथा पाठवत आहे. जाता जाता सांगतो, नात माझ्या कथांपेक्षा बेदाण्याच्या शेडवरच जास्त रमते. परवा तिने विचारले, “चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा झाला, मग बाकीचे तीन किलो कुठं गेले?”

उत्तर :

आदरणीय महोदय,

या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे बारावीच्या निकालाभोवती फिरत असतात, त्यामुळे निवृत्तीच्या उंबरठ्यावरून आलेले आपले पत्र वाचताना विशेष आनंद झाला. (३१ मे ही तारीख पाहून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून टाकलेल्या पिढीतले आपण असणार, हेही ध्यानात आले.) आपल्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरे अशी : वय आड येत नाही, एम. ए. आवश्यक नाही आणि ८५ हजार रुपये देऊ नयेत. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आपण विचारलेलीच नाही, ती म्हणजे आपण लिहिण्यासाठी निवडलेला विषय. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

प्रथम वयाविषयी. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे, परंतु २०१० पासून दिल्या जाणाऱ्या बालसाहित्य पुरस्काराला तशी मर्यादा नाही. मराठीसाठीचा पहिला बालसाहित्य पुरस्कार अनिल अवचट यांना मिळाला, तेव्हा ते पासष्टीच्या घरात होते. अर्थात अवचट तोवर नामवंत लेखक होते, म्हणून त्यांचे उदाहरण आपल्याला पुरते लागू पडत नाही. अमेरिकेतील लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. १८६७ साली जन्मलेल्या या शेतकरी बाईंचे मुलांसाठीचे पहिले पुस्तक १९३२ साली, त्यांच्या वयाच्या पासष्टाव्या वर्षी प्रसिद्ध झाले. मात्र त्याआधी, १९११ पासून, त्या शेतकऱ्यांच्या एका नियतकालिकात नियमित लिहीत होत्या, त्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेले आत्मकथन प्रकाशकांकडून परत आले होते आणि त्यातला बालपणाचा भाग स्वतः लेखिका असलेल्या मुलीच्या मदतीने नव्याने घडवल्यावर ते पुस्तक उभे राहिले. उशिरा आलेल्या पहिल्या पुस्तकामागे बहुधा अशी बरीच वर्षांची तयारी असते, आणि आपली तयारी द्राक्षबागांमध्ये झालेली आहे, वहीतल्या बोधकथांमध्ये नव्हे.

आपली कथा मी काळजीपूर्वक वाचली. द्राक्षबागेत राहणारी एक कष्टाळू मुंगी, तिची टिंगल करणारा आळशी भुंगा, मग अवकाळी पाऊस आणि शेवटी ‘तात्पर्य’. भाषा शुद्ध आहे, पण हे सारे मुलांनी दुसऱ्या पानावरच ओळखलेले असते आणि उरलेली पाने ती केवळ आपल्या मानासाठी ऐकतात. वडीलधाऱ्या लेखकांच्या हस्तलिखितांत हा दोष फार आढळतो : सांगायला गोष्ट नसते, उपदेश असतो आणि त्याला चार पाय व एक शेपूट जोडलेली असते. शिवाय ज्या माणसाने उभे आयुष्य बागेतली कीड डोळ्यांनी ओळखण्यात घालवले, त्याच्या कथेतल्या भुंग्याला रंग नाही, खाणे नाही, तो कोणत्या झाडावर बसतो याचा पत्ता नाही, याचे मला अधिक आश्चर्य वाटले.

आता आपल्या नातीच्या प्रश्नाकडे पाहावे. “बाकीचे तीन किलो कुठं गेले?” या प्रश्नात एक संपूर्ण पुस्तक आहे आणि ते लिहिण्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणचट थर असतो व तो आतले पाणी सहजासहजी बाहेर पडू देत नाही. म्हणून घड डिपिंग ऑइल (बेदाण्यासाठी वापरायचे खास तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून काढावे लागतात. मग ते शेडमधल्या जाळ्यांवर थरावर थर पसरले जातात. ऊन थेट लागू न देता कोरडा वारा मात्र आरपार जाऊ द्यावा लागतो, आणि साधारण दोन आठवड्यांत टपोरा मणी सुरकुतत जातो. हे आपण शेतकऱ्यांना शेकडो वेळा सांगितले असेल. सात वर्षांच्या मुलीसाठी त्याचे कोडे होते : जाळीवरून काही सांडले नाही, पाखरांनी खाल्ले नाही, कोणी चोरलेही नाही, तरी रोज वजन कमी होते आहे. नायिका तराजू घेऊन रोज शेडवर जाते, रोज एकाएकावर संशय घेते आणि शेवटी चोर सापडतो, तो तिच्या केसांतून आरपार वाहत असतो. येथे तात्पर्य लिहिण्याची गरज उरत नाही आणि बाष्पीभवन हा शब्दही शेवटच्या पानापर्यंत लांबवता येतो, किंवा गाळूनच टाकता येतो.

असे विषय आपल्या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे घ्या. जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षे हळद साठवणारी ही पेवे कशी असतात आणि २००५ च्या महापुरात त्यांतील कितीतरी कशी खराब झाली, हे आजच्या मुलांना कोणी सांगितलेले नाही. जतकडच्या मेंढपाळांचे मुक्काम, आटपाडीची डाळिंबे, कृष्णेचा पूर ओसरल्यावर मागे राहणारा गाळ, यांपैकी काहीही चालेल. अट एवढीच की जे आपण जवळून पाहिले आहे तेच लिहावे.

लांबीचे भान ठेवणे आवश्यक आहे. आपली कथा अठराशे शब्दांची आहे आणि दुसरीतल्या मुलांसाठी ती फार मोठी आहे. मुलांची पुस्तके काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पुस्तकांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत : पहिली अडीचशे शब्दांपर्यंत, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत आणि त्यापुढची चौथी. तेथील मराठी पुस्तके विनामूल्य वाचता येतात, ती अवश्य वाचावीत. मात्र आपली गोष्ट तेथे चढवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की ती खुल्या परवान्याखाली जाते व कोणालाही वापरता येते, म्हणून जी गोष्ट एखाद्या प्रकाशकाला द्यायची आहे ती तेथे टाकू नये. चित्रमय पुस्तकात निम्मे सांगणे चित्रकार करत असतो. घड हिरवा होता, शेड लांबलचक होती, नातीने लाल फ्रॉक घातला होता, ही वाक्ये मजकुरातून काढून टाकावीत. चित्रे आपण काढून घेण्याचीही गरज नाही, चित्रकार प्रकाशक निवडतो.

वाचनाबाबत थोडे कडकपणे सांगतो. आपल्या पत्रात आपण जी बालसाहित्याची नावे घेतली आहेत ती सगळी आपल्या लहानपणीची आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीत मुलांसाठी काय लिहिले गेले, हे वाचल्याशिवाय लिहायला बसू नये. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते व त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे आणि तेथे घराघरांत विषयवार पुस्तके मांडलेली आहेत. बालसाहित्याच्या घरात दोन दिवस निवांत बसून वाचावे. सोबत नात असेल तर ती कोणते पुस्तक अर्ध्यावर ठेवते, याची नोंद करावी. एम. ए.च्या बाबतीत माझे मत असे, की साहित्याच्या ओढीने करायचे असेल तर मुक्त विद्यापीठातून अवश्य करावे, परंतु कोणताही संपादक हस्तलिखित हाती घेताना पदवी विचारत नाही.

मसुदा तयार झाला की तो जवळच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरी-तिसरीच्या मुलांपुढे मोठ्याने वाचावा. नातीला पहिली परीक्षक करू नये, कारण नाती आजोबांना सहसा नाही म्हणत नाहीत. गुरुजी किंवा बाई मुलांना हाताची घडी घालून रांगेत बसवतील. त्यांना विनंती करून मुलांना हवे तसे बसू द्यावे. वाचताना मध्येच समजावून सांगू नये. मुले ज्या ओळीला चुळबुळ करू लागतील त्या ओळीपाशी पेन्सिलीची खूण करावी, आणि घरी आल्यावर त्या खुणेच्या आधीची दोन वाक्ये तपासावीत. बिघाड बहुधा तेथे सापडतो.

आता पैशाविषयी. समजा १०० रुपये किमतीच्या पुस्तकाच्या १,००० प्रती निघाल्या आणि १० टक्के मानधन ठरले, तर सर्व प्रती खपल्यावर हाती दहा हजार रुपये येतात आणि तेही काही वर्षांत मिळून. त्यामुळे घरखर्च निवृत्तिवेतनावरच चालणार हे गृहीत धरून या कामात उतरावे. आपल्याला आलेल्या प्रस्तावात सगळा धोका आपला आहे : प्रकाशकाचा नफा आपल्या ८५ हजारांतच वसूल होतो, मग पुस्तक विकण्याची त्याला निकड राहत नाही आणि प्रतींचे गठ्ठे आपल्या माडीवर येऊन पडतात. ज्या प्रकाशकाला पुस्तकावर विश्वास असतो तो छपाईचा खर्च स्वतः करतो. मुलाला जी शंका वाटते तिचे उत्तर पैसे भरून छापून घेतलेल्या पुस्तकाने मिळणार नाही, एखाद्या मासिकाच्या संपादकाने निवडलेल्या एका गोष्टीने मिळू शकेल.

पुढे कोणाशी करार करण्याची वेळ आली, तर तो लेखी असावा आणि त्यात मुदत, भाषा व प्रदेश नमूद असावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिले असे धरले जाते, आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर एका वर्षात हक्कांचा वापर न केल्यास ते लेखकाकडे परत येतात. ‘सर्व हक्क कायमचे’ असे वाक्य दिसले, तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे.

यंदाचा बेदाणा हंगाम संपण्यापूर्वी नातीसह शेडवर जाऊन तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात सहाशे शब्दांच्या आत ही एकच गोष्ट लिहावी. दिवाळी अंकांचे साहित्य साधारणतः जुलै-ऑगस्टपर्यंत जमा होते, म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच वाचन करून, दुरुस्त केलेली प्रत जुलैच्या सुरुवातीला मुलांच्या एखाद्या मासिकाकडे पाठवावी व स्वतःजवळ एक प्रत ठेवावी. त्या प्रकाशकांना नकार कळवण्याआधी, आपली मूळ वही त्यांच्याकडे असेल तर ती परत घ्यावी.