गेटेड सोसायटीत फ्लॅट घेतोय, शेजारच्या वस्तीचा त्रास होईल का?

त्रास होतो की. कोणाचा कोणाला, तेवढं तुम्ही विचारलेलं नाही.

मी स्वतः अशाच सोसायटीत राहते, तेव्हा बाहेरून जळफळाट चाललाय असं समजू नका. आमच्याकडे मागच्या बाजूला एक छोटं फाटक आहे. मागच्या गल्लीतली माणसं त्यातून बसथांब्यावर जायची, आमची मंडळी त्यातूनच गल्लीत दवाखान्यात नाहीतर शिंप्याकडे. मग एका फ्लॅटमध्ये चोरी झाली आणि कमिटीने फाटकाला कुलूप ठोकलं. चोर पुढच्या गेटातून, वॉचमनच्या वहीत कुरिअरवाला म्हणून रीतसर नोंद करून आला होता, हे नंतर कळलं. कुलूप मात्र आजही आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. पण त्यांना अख्ख्या भिंतीला वळसा घालून मुख्य गेटवर यावं लागतं. तिथे नाव, वेळ, कोणाकडे, सही. जाताना पिशवी उघडून दाखवायची. आमच्या सेक्रेटरींची पिशवी कधी कोणी उघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

वार्षिक सभेत मी हा विषय काढला आणि ऑक्सफर्डचं उदाहरण दिलं. तिथल्या कटस्लो भागात शेजारी नगरपालिकेच्या भाडेकरूंची वसाहत आली, म्हणून १९३४ मध्ये खासगी बिल्डरने रस्त्यावर आडव्या भिंती घातल्या, वर लोखंडी सुळे. मुख्य रस्ता गाठायला भाडेकरूंना लांबचा फेरा. १९३८ मध्ये नगरपालिकेने भिंती पाडल्या, तर कोर्टात बिल्डरच जिंकला आणि त्या पुन्हा बांधल्या गेल्या. अखेर भिंतींखालची जागा विकत घेऊन १९५९ मध्ये नगरपालिकेने त्या कायमच्या काढल्या. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आपण ऑक्सफर्डमध्ये राहत नाही." लोक हसले. चीन सरकारने २०१६ मध्ये नव्या बंदिस्त वसाहती नकोत, आहेत त्या हळूहळू खुल्या करा, असं धोरण काढलं होतं, ते सांगेपर्यंत अर्धी सभा उठली होती. (त्यावर तिथल्या रहिवाशांनीही बरीच ओरड केली होती. सेक्रेटरींना ते माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही.)

आता तुमच्या फ्लॅटचं. सॅम्पल फ्लॅट नंतर बघा, आधी कंपाउंडच्या बाहेरून एक चक्कर मारा. भराव टाकून प्लॉट उंच केला असेल तर पावसाचं पाणी कोणाच्या दारात उतरतं? जनरेटरचा धूर कुठल्या बाजूला सोडलाय? पाहुण्यांच्या गाड्या आत लागतात की समोरच्या घरांपुढे? आणि ती लांबलचक भिंत. तिच्यात ना दार ना खिडकी, त्यामुळे बाहेरचा रस्ता अंधार पडला की निर्मनुष्य होतो आणि रात्री तिथून तुमचीच मुलगी घरी येणार असते. गेटच्या आतली सुरक्षितता अशी बाहेरच्यांच्या जिवावर मिळते, आणि वर त्यांचीच भीती बाळगायची, हे मला पटत नाही.

हां, गाड्यांसाठी रस्ता खुला करा असं मी म्हणत नाही. आतून शॉर्टकट मिळाला की लोक सुसाट जातात, आमच्याकडे मुलं खेळतात. रात्री फाटक बंद ठेवायलाही हरकत नाही. आणि वस्तीत सगळे संतच राहतात असंही नाही, भांडकुदळ माणसं दोन्हीकडे आहेत. मंजूर नकाशात आतला रस्ता सार्वजनिक दाखवलाय का, तेही तपासा. तसं असेल तर तो अडवायचा सोसायटीला हक्कच नाही.

पण पायी येणाऱ्या माणसाला दिवसा मागचं फाटक उघडं हवं, तिथे एक वॉचमन बसवला की झालं. सेक्रेटरींचं पालुपद एकच, मेंटेनन्स वाढेल. लॉबीत कारंजं बसवलं तेव्हा वाढलाच होता ना? तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही.