सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी महिनोन्महिने गरगरतं आणि डोकं चालत नाही. हे मानसिक असतं का? अशा अवस्थेत नोकरी कशी टिकवायची?

नोकरीचं शेवटी बोलते. तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की घरचे म्हणतात, 'एमआरआय नॉर्मल आला ना, मग आता मनातून काढून टाक.' हे उत्तर खरं तर त्या एका वाक्यासाठी आहे. आमच्या घरी ते वाक्य माझ्या दादाचं होतं, आणि त्यावरून आमचा वाद अजून मिटलेला नाही.

एमआरआय नॉर्मल म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही, मेंदूच्या रचनेत ठळक बिघाड दिसत नाही. चांगली बातमी आहे, नाही कोण म्हणतंय? पण तोल सांभाळण्याचं काम नीट चाललंय का, हे त्या चित्रात दिसत नाही. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं कुठे वळलं ते सांगतात. शिवाय सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण ओळखणारे आणखी दोन छोटे अवयव. त्यांचं म्हणणं, डोळ्यांचं म्हणणं आणि पाय-मानेकडून येणारं म्हणणं मेंदू अखंड जुळवत बसलेला असतो. डोकं वळलं की साधारण दहा मिलिसेकंदांत डोळे तितकेच उलट फिरतात, म्हणून चालता चालता पाटी वाचता येते. ही जुळवाजुळव जरा जरी बिनसली तरी दिवस काढणं कठीण होतं आणि स्कॅन मात्र स्वच्छ येतो. उभ्या गाडीचा फोटो काढून तिचे ब्रेक लागतात की नाही हे कसं कळणार?

मी शाळेत गणित शिकवते. माझी सुरुवात अगदी ठसठशीत होती. पहाटे कूस बदलली आणि सगळी खोली फिरायला लागली. उलट्या थांबेनात, उठून उभं राहता येईना. तोलाच्या नसेला सूज आली आहे, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, असं निदान झालं. ते गरगरणं काही दिवसांत ओसरलं आणि सगळ्यांनी 'सुटलीस' म्हणून निःश्वास सोडला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला नाव नव्हतं. खोली फिरत नव्हती, पण उभी राहिले की मी आतून डुलायचे. पायाखालची जमीन मऊ लागायची. बसलं की जरा बरं, आडवं झालं की एकदम बरं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं की हिला नुसतं झोपायचं असतं. फळ्यावर लिहून वर्गाकडे वळले की मुलांचे चेहरे क्षणभर उशिरा जागेवर यायचे. दुकानात दोन्ही बाजूंना उंच मांडण्या असल्या की मधून चालताना घाम फुटायचा. शेजारी कोणी मोबाइलवर भराभर स्क्रोल करत असेल तर मी मान फिरवून घ्यायचे.

आणि डोकं चालत नव्हतं. तुम्ही 'ब्रेन फॉग' लिहिलंय, तेच. मला विचाराल तर चक्कर परवडली, हे नको. वर्षानुवर्षं शिकवलेली सिद्धता अर्ध्यावर आली की पुढची पायरी सापडायची नाही. समोरच्या मुलीचं नाव आठवायचं नाही, तिच्या वडिलांचं आठवायचं. वाक्य सुरू केलं की क्रियापदापर्यंत पोचायच्या आत विषय हातातून निसटायचा. त्याचं कारण मला फार उशिरा कोणीतरी सांगितलं: तोल सांभाळणं हे आपोआप चालणारं काम आहे. ते लक्ष देऊन करावं लागलं की बाकीच्यासाठी लक्ष उरत नाही. शिवाय कानातले हे संदेश मेंदूत हिप्पोकॅम्पसपर्यंत, म्हणजे जागेची आणि आठवणींची नोंद ठेवणाऱ्या भागापर्यंत पोचतात. त्यामुळे चक्कर आणि न सुचणं हे तुमचे दोन वेगळे आजार आहेत असं धरून दोन वेगळ्या डॉक्टरांकडे पळू नका.

आता दादा. दादा इंजिनियर आहे. मनाने फार चांगला. मला प्रत्येक तपासणीला तोच घेऊन गेला, सगळ्या कागदांची तारीखवार फाईल त्यानेच केली. पण जे मोजलं गेलं नाही ते अस्तित्वात नाही, अशी त्याची श्रद्धा आहे. डॉक्टरांनी मला विचारायचं, 'काय होतंय?' आणि उत्तर दादाने द्यायचं, 'टेन्शन फार घेते हो ही.' एका डॉक्टरांनी खरोखरच केसपेपरवर तेवढंच लिहिलं. दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढला, त्यात मणके थोडे झिजलेले दिसले, मग काही काळ सगळा दोष मानेवर. अहो, एका वयानंतर चक्कर न येणाऱ्यांच्याही एक्स-रेत मणके झिजलेले दिसतात! पट्टा लावून मी मान हलवणं बंद केलं, म्हणजे मेंदूला जे पुन्हा शिकायला हवं होतं नेमकं तेच थांबवलं.

चक्करेच्या गोळ्यांबद्दलही स्पष्ट सांगते. पहिल्या काही दिवसांत, खोली फिरत असते तेव्हा, त्या देवासारख्या धावून येतात. पण महिनोन्महिने चालू ठेवायच्या गोष्टी त्या नव्हेत. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशी औषधं झोप आणतात, सुचणं आणखी मंदावतं आणि मेंदूचं नव्याने जुळवून घेणं लांबतं. दीर्घकाळ घेतली तर, विशेषतः वयस्कर माणसांत, हात थरथरणं, शरीर ताठरणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणंही दिसू शकतात. 'वाटलं की घ्या' म्हणून कोणी वर्षभराची चिठ्ठी दिली तर त्यांना विचारा, कधी थांबवायची? (स्वतःहून थांबवू नका, विचारा.)

ज्या डॉक्टर बाईंनी मला मार्गाला लावलं त्यांनी 'कसं वाटतं' यावर वेळच घालवला नाही. त्यांनी विचारलं, कधी येतं, किती वेळ टिकतं, कशाने वाढतं. आणि दादाला बाहेर बसायला सांगितलं. त्यांनी जे निदान केलं त्याचं नाव लांबलचक आहे: पर्सिस्टंट पोस्च्युरल परसेप्च्युअल डिझिनेस, थोडक्यात ट्रिपल पीडी. तोलाच्या आजारांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटीने २०१७ साली त्याचे निकष ठरवले. तीन महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवशी डोलणं किंवा हलकं गरगरणं. उभं राहिल्यावर, हालचालीने आणि डोळ्यांसमोर गजबज असली की वाढणं. आणि सुरुवात बहुधा कसल्यातरी झटक्यानंतर. मूळ दुखणं बरं होतं, पण मेंदू धोक्याच्या वेळची सावध पद्धत सोडत नाही. स्नायू आवळून धरतो, डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त विसंबतो. दादाला मी एवढंच विचारलं की निकष २०१७ साली ठरले, तर २०१६ साली ज्यांना हे होत होतं ते सगळे नाटकं करत होते का? त्यावर तो म्हणाला, 'अगं, तसं नाही गं.' मग कसं, ते आजतागायत सांगितलेलं नाही.

उपचार दोन होते. एक म्हणजे व्यायाम. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, नजर त्यावर रोखायची आणि मान डावी-उजवी हलवायची. आधी बसून, मग उभ्याने, मग चालताना. असे व्यायाम नवे नाहीत. कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी १९४० च्या दशकात सुचवलेले याच प्रकारचे व्यायाम आजही दिले जातात. सुरुवातीला त्रास वाढतो. वाढणारच, त्या वाढण्यातूनच मेंदू शिकतो. बरेच जण तिथेच सोडतात आणि 'फिजिओथेरपीने बिघडलं' म्हणून सांगत फिरतात. पडून राहिल्याने हा आजार बरा झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

दुसरा उपचार गोळीचा, नैराश्यासाठी देतात त्या गटातली, कमी डोसपासून सुरू केलेली. ती मी घरच्यांपासून लपवून घेत होते. कारण मला माहीत होतं काय होणार, आणि तेच झालं. दादाला पर्समध्ये पाकीट दिसलं. त्याने मोबाइलवर नाव शोधलं आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाला, 'मी काय म्हणत होतो? डिप्रेशनची गोळी आहे ही. म्हणजे होतं मानसिकच.' चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्याचा अंदाज बरोबर आला याने माझी चक्कर थांबणार होती.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता सुचतंय, तर इथे लिहिते. पॅरासिटामॉलने डोकं दुखायचं थांबलं म्हणजे अंगात पॅरासिटामॉल कमी होतं असं कोणी म्हणत नाही. औषध कुठे उपयोगी पडतं यावरून आजाराचं कारण ठरत नाही. सेरोटोनिनवर, म्हणजे मेंदूतल्या एका संदेशवाहक रसायनावर, चालणारं हे औषध फक्त मूडपुरतं नसतं, तोलाचे संदेश जिथे जुळवले जातात त्या मेंदूच्या केंद्रांपर्यंतही सेरोटोनिनच्या तारा गेलेल्या आहेत. आणि समजा, त्यात भीतीचा वाटा होताच. होताच! जिन्यावरून पडू या भीतीने मी कठडा सोडत नव्हते आणि अंग आवळून चालण्याने डोलणं वाढत होतं. काहींच्या बाबतीत सुरुवातच पॅनिक अटॅकने होते. म्हणून चक्कर खोटी ठरते? घाबरल्यावर छाती धडधडते तेव्हा ती खरोखरच धडधडते. तुमच्या 'मानसिक असतं का' या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे: थोडं असेल, आणि त्याने काहीही फरक पडत नाही. उपचार घ्या. घरच्यांना डॉक्टरांकडे जरूर न्या, पण तिथे बोलू देऊ नका.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. मी डॉक्टर नाही, आणि तुम्हाला ट्रिपल पीडीच आहे असं मी म्हणत नाहीये. तुम्ही चक्कर कधी येते हे लिहिलेलंच नाही. कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंद जोरात फिरत असेल तर कानातले कॅल्शियमचे कण जागचे हलले असण्याची शक्यता जास्त. डिक्स-हॉलपाइक नावाच्या साध्या तपासणीने ते कळतं आणि इप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून पुष्कळदा काही मिनिटांत सुटतं, त्यासाठी स्कॅन लागत नाही. उठून उभं राहिल्यावरच होत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत बीपी मोजून घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर प्रश्न तिथे आहे, आणि बीपीची गोळी चालू असेल तर कदाचित त्या गोळीत. बीपी न उतरता दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढत असेल तर पॉट्सबद्दल, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या त्रासाबद्दल, विचारा. चक्करेचा झटका काही मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो, उजेड आणि आवाज सहन होत नाहीत, तर डोकं न दुखताही मायग्रेन असू शकते. झटक्याबरोबर एका कानात आवाज आणि ऐकू कमी येणं असेल तर कानाचे डॉक्टर. हिमोग्लोबिन, बी १२, थायरॉइड, साखर हे सगळं झालंच असेल. घोरत असाल आणि सकाळी उठून थकलेलेच असाल तर झोपेची तपासणी बहुतेक राहिली असेल, कारण ती कोणी सुचवतच नाही.

आणि चक्करेबरोबर अचानक बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसायला लागलं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, आधाराशिवाय उभंच राहता येईना, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर लगेच इमर्जन्सीत जा. आधीचा एमआरआय नॉर्मल होता हे त्या वेळी विसरा.

नोकरी. मी सोडली नाही. डोक्याचं काम दिवसाच्या सुरुवातीला, जिथे उभं राहावं लागतं ते तुकड्या-तुकड्यांत. फळा वर्ग भरण्याआधीच लिहून ठेवायचे, म्हणजे सारखं वळावं लागत नसे. सिद्धतेच्या पायऱ्या कागदावर हातात, त्याची लाज सोडली. स्क्रीनसमोर काम असेल तर स्क्रोल करण्याऐवजी पान उलटत वाचा, फरक पडतो. गाडी चालवणं किंवा उंचावरचं काम असेल तर हा हिशेब वेगळा, ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. आज मी बरी आहे, पूर्ण नाही. थकले की अजून डुलते.

साहेबांना तोंडी 'चक्कर येते' सांगू नका, दोन दिवसांनी 'आता बरं ना?' विचारतात. डॉक्टरांकडून पत्र घ्या, त्यात निदान आणि कोणतं काम जमेल, कोणतं नाही, असं दोन्ही लिहून मागा. माझ्या पत्राची एक प्रत मी दादाच्या फाईलमध्येही लावली आहे, त्याच्या नॉर्मल रिपोर्टांच्या वर. तारखेचा क्रम त्यामुळे बिघडलाय, पण त्याने अजून काढलेली नाही.