लहान मुलांचे संसर्गरोगतज्ज्ञ नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपेक्षा वेगळं काय करतात?

सात वर्षांच्या मुलाला सहा दिवस ताप आहे आणि डिचोलीतल्या तुमच्या डॉक्टरांनी ‘संसर्गरोगतज्ज्ञांना दाखवा’ म्हटलंय, म्हणून तुम्ही घाबरलात. असं पाठवणं म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं नव्हे, ताई. तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं.

मी गोव्यात हेच काम करते. बालरोगात एमडी आणि मग संसर्गरोगांची फेलोशिप, असं शिक्षण. पण माझा बराच वेळ जातो तो विचारपूस करण्यात. मूल आठ-दहा दिवसांत कुठे कुठे गेलं? तळीत पोहलं का, अनवाणी चिखलात खेळलं का, घरात उंदीर आहेत का, शेजारी कुणाला ताप आहे का? पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आधी आठवतात. काजूच्या दिवसांत सत्तरी तालुक्यातून कुणी आलं तर माकडताप, म्हणजे जंगलातल्या गोचिडी चावून होणारा विषाणूचा ताप.

मग मुलाला पूर्ण तपासायचं, अगदी चड्डी काढून. भातकापणीनंतर एक मुलगा आला होता. मलेरिया, डेंग्यू निगेटिव्ह. विडाल ही टायफॉइडसाठीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं चालू होती, तरी ताप उतरत नव्हता. काखेच्या घडीत एक काळी खपली सापडली, बिडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे आईच्याही लक्षात आली नव्हती. हा स्क्रब टायफस. गवतातल्या अगदी बारीक किड्याची अळी चावून होतो आणि टायफॉइडची ती इंजेक्शनं त्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन दिल्यावर दोन दिवसांत ताप उतरला, पोराने स्वतःहून पेज मागितली. या औषधाने दात पिवळे होतात ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनपासूनची आहे. थोड्या दिवसांच्या डॉक्सीने तसं होत नाही.

एकट्या विडालवर विसंबून टायफॉइड ठरवू नये, हे मी प्रत्येक आईबाबांना सांगते. खरी तपासणी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखणं, आणि तीही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे नको असलेली अँटिबायोटिक्स थांबवणं. विषाणूच्या तापाला त्यांचा काही उपयोग नसतो.

तुमच्यासाठी सध्या महत्त्वाचं: डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोट खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, मूल मलूल होणं, लघवी कमी होणं, यांतलं एकही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत; आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन नको.

एरवी येताना लसीकरणाचं कार्ड, आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, औषधांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा आणि ताप कधी किती होता ते लिहिलेला कागद आणा. घरात उरलेलं अँटिबायोटिक मधल्या वेळात देऊ नका.